टकर मॅगर्डला वगळलं

केंटकीतल्या त्या डोंगराळ गावात कॉलेज बास्केटबॉलचा मोसम तोंडावर आला, की डेलबर्ट क्रेस रेडिओवरून यंदाचे दहा अव्वल खेळाडू कोण ठरतील ते सांगायचा. शेवटचं नाव उच्चारायचा अवकाश, फोन खणखणायला लागायचा. "डोळे गहाण टाकलेस का रे, डेल?" म्हणत लोक त्याला फाडून खायचे. मग गावाला पोसणारी खाण बंद पडली, माणसं गाव सोडून गेली आणि गेल्या मोसमात एकही फोन आला नाही.

म्हणून आज त्यानं मुद्दाम आगळीक केली. राज्य विद्यापीठाचा हुकमी एक्का टकर मॅगर्ड याच गावचा. डेलबर्टनं त्यालाच दहांतून वगळलं. वर ठोकूनही दिलं, "त्या पोराला चेंडू धड पकडता येत नाही!" पूर्वी एवढ्यावर लोक स्टुडिओच्या दारात येऊन उभे राहिले असते.

तो फोनकडे बघत बसला. एक गाणं संपलं, दुसरंही संपत आलं आणि फोन वाजला. डेलबर्टनं झडपच घातली. "बोला! घाला शिव्या!"

"अगोबाई, शिव्या कशाला रे?" म्हाताऱ्या हेन्सलीबाई होत्या, टकरची सख्खी आजी. "शनिवारी चर्चमधलं जेवण किती वाजता, तेवढंच विचारायचं होतं."

"सहाला. पण आजी, मी तुमच्या टकरला वगळलं. ऐकलंत ना?"

"ऐकलं की. तू म्हणतोस म्हणजे बरोबरच असेल, बाबा."