भोंग्याची शिकवणी

तो जुन्या सामानाच्या लिलावघरात बोली पुकारायचा आणि तिथले सगळे त्याला भोंगा म्हणायचे. त्याला त्यात मान वाटायचा. बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो म्हणतात. यानं तर तीन पायांचं टेबल 'खास भिंतीला टेकवून ठेवायचं' म्हणून खपवलं होतं. त्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की काही गिऱ्हाइकं, हा आता तरी थांबेल या आशेनंच हात वर करायची.

अशा माणसाची लेक तिसरं लागलं तरी बोलेना. ठकीला सगळं समजायचं. तहान लागली की बोट धरून पाण्यापर्यंत न्यायची, आवडलं की खुदकन हसायची. पण शब्द म्हणाल तर 'आई', 'नाही' आणि मांजरासाठी एक चमत्कारिक 'आँव'. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. "माझ्यावर गेली असती तर एव्हाना हे घर विकून मोकळी झाली असती," असं तो चारचौघांत हसून सांगायचा. रस्त्यात मात्र तिच्या वयाचं बोलकं पोर दिसलं की तिथंच थबकायचा.

बायको रुग्णालयात परिचारिका होती. तिनंच खेळघरातल्या बाईंची वेळ घेतली. लहान मुलांच्या खेळण्या-बोलण्यावर काम करणाऱ्या त्या बाईंनी बापलेकीला सतरंजीवर बसवलं, पुढे एक लाकडी गाडी ठेवली आणि म्हणाल्या, "घरी खेळता तसं खेळा. मी जरा व्हिडिओ घेते."

भोंगा खूश झाला. बोलायचं काम म्हणजे त्याच्या हातचा मळ! बायकोकडे 'बघ आता' अशा नजरेनं पाहून त्यानं बाह्या सरसावल्या.

नंतर बाईंनी तो व्हिडिओ दाखवला. पडद्यावर एक मिशाळ माणूस सतरंजीवर पसरला होता आणि ओरडत होता, "हे काय? गाडी! कुठली गाडी? लाल गाडी! गाडी कशी जाते? भुर्रर! चाकं कुठायत? ही बघ चाकं!" ठकीनं मध्येच ओठ उघडले, तर त्या माणसानं पुढचा प्रश्न घुसवला. तिनं पुन्हा ओठ उघडले, तर त्यानं गाडीच तिच्या नाकाखालून पळवली. मग ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि तो माणूस भिंतीला भुर्रर करून दाखवत राहिला.

"हा... मी आहे?" भोंग्यानं विचारलं.

"दुसरं कोण असणार?" बायको म्हणाली.

"प्रश्नही तुमचा आणि उत्तरही तुमचंच," बाई हसून म्हणाल्या. "तिचा नंबर लागायचा कधी?"

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे ती माझ्यामुळे बोलत नाही?"

"छे हो. काही मुलांना वेळ लागतो, त्यात कुणाचा दोष नसतो. पण समोरचं माणूस वाट बघतंय असं दिसलं की त्यांना सोपं जातं. रोज थोडा वेळ जमिनीवर बसा. खेळ ती निवडेल, तुम्ही फक्त तिच्यासारखं करा. बोला थोडं आणि थांबा जास्त. ती नुसती बघेल, हात पुढे करेल, तेही बोलणंच समजा."

थांबा! आयुष्यभर ज्यानं थांबणाऱ्यांच्या हातचं सामान गेलेलं पाहिलं, त्याला हा सल्ला.

दुसऱ्या दिवशी तो ठकीसमोर मांडी घालून बसला, हाताची घडी तोंडावर बोट. ती कपडे वाळत घालायचे चिमटे पायपुसण्याच्या कडेला लावत होती. त्यानंही एक लावला. घशात शब्द खवळायला लागले. हिरवा चिमटा! स्प्रिंग बघ कशी! त्यानं गाल आत ओढून धरले. ठकीनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातात आणखी एक चिमटा दिला. आपणहून! भोंग्यानं आनंदानं अशी आरोळी ठोकली की मांजर कपाटावर चढलं आणि ठकी पलंगाखाली गेली.

"जमतंय की," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

पण त्यानं चिकाटी सोडली नाही. हळूहळू आरोळीचं खाकरणं झालं, खाकरण्याचं नुसतं हसणं झालं. "लावला," ती चिमटा लावताना तो म्हणायचा, तेवढंच, आणि गप्प बसायचा. ठकी आता त्याच्या सदऱ्याला चिमटे लावायची, कॉलरला लावायची, कानाला लावायची. एकदा तो कॉलरला चिमटा लटकवून लिलावाला उभा राहिला आणि अर्धा लिलाव संपेपर्यंत, लोक आपल्या विनोदांना हसतायत असं समजत राहिला.

मग एका सुट्टीच्या दुपारी ठकीनं त्याला आडवं व्हायची खूण केली. तो आडवा झाला. ती छातीवर बसली, विचार केला आणि चिमटा थेट मिशीला लावला.

ब्रह्मांड आठवलं. डोळ्यांतून पाणी आलं. एरवी त्यानं गल्ली डोक्यावर घेतली असती, पण ठकी वाकून त्याचा चेहरा इतकं निरखून पाहत होती की त्याचा आवाजच फुटेना. पोरीच्या कपाळाला बारीक आठी पडली.

"दुखतं?" तिनं विचारलं.

त्यानं श्वास रोखला. 'ठकी, काय म्हणालीस? पुन्हा म्हण! आईला बोलाव!' सगळं ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं, थोडं चिमट्यामुळे, थोडं शहाणपणामुळे. तो थांबला. मग हळूच म्हणाला, "हो. दुखतं."

तिनं चिमटा काढला, मिशीवर फुंकर घातली आणि त्याचा गाल थोपटला.

बाईंना त्यानं हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग तुम्ही काय बोललात?"

"एवढंच. दुखतं म्हणालो."

"आणखी काही नाही?" बाईंनी खात्री करून घ्यायला बायकोकडे पाहिलं. दारातून सगळं पाहिलेल्या बायकोनं शपथेवर मान डोलावली.

इथवर त्याचं वागणं कौतुकाचं. पुढचं मात्र सांगितलंच पाहिजे. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. घरी येताच त्यानं आपल्या आईला फोन केला, बहिणीला केला, जिना चढणाऱ्या शेजाऱ्यांना गाठलं. 'दुखतं' या एका शब्दावर त्यानं जे व्याख्यान ठोकलं त्यात पोरीची माया होती, तिची बुद्धी होती, प्रश्नचिन्हसुद्धा कसं स्पष्ट होतं तेही होतं. फोनवर तिकडून आई म्हणाली, "अरे, मग तिला दे ना फोन."

खाली ठकी केव्हापासून त्याची पँट ओढत उभी होती. तिला काहीतरी सांगायचं होतं.

"एक मिनिट हं, बाळा," भोंगा म्हणाला, "बाबा बोलतोय ना!"

आणि मग स्वतःचंच वाक्य कानावर पडून ओशाळला. फोन चालूच ठेवून तो ठकीसमोर फरशीवर बसला आणि ती काय म्हणते त्याची वाट बघू लागला.