भगवंतराव स्टेडियमचं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. माझा एक कान तुटला आहे. सौसरच्या भगवंतराव स्टेडियमच्या मागे मी गंजत पडून आहे. या स्टेडियमला हे नाव कसं मिळालं, तेवढं ऐकून घ्या.

पूर्वी इथे नुसते गोटेच गोटे होते. शाळेचे चपराशी मोतीरामभाऊ यांना फुटबॉलचं भारी वेड. त्यांनी मला बाजारातून आणलं आणि जागा साफ करायला घेतली. त्यांचा नियम एकच, "पैले घमेलं, मंग बॉल." खेळायला येणाऱ्यानं आधी घमेलंभर गोटे उचलून नाल्यापाशी टाकायचे. नऊ वर्षं हे चाललं. मग शेजारच्या रामाकोना गावाचे संघसुद्धा इथे सामने खेळायला येऊ लागले. सगळे या जागेला मोतीराम मैदान म्हणायचे. सामन्याआधी मला हळदकुंकू लागायचं.

तिथे गजेंद्र नावाचा मुलगा फार सुरेख खेळायचा. त्याचे वडील भगवंतराव मैदानावर एकदाच आले, तेही त्याला कान धरून घरी न्यायला. "बॉलले लाता मारून पोट भरते काय?" असं ओरडत त्यांनी त्याला फरफटत नेलं.

पुढे गजेंद्र मोठा माणूस झाला. मैदानावर स्टेडियम बांधायचं ठरलं, तेव्हा तो समितीचा अध्यक्ष झाला आणि त्यानं आपल्या वडिलांचं नाव पुढे केलं. बांधकाम पाहायला आला, तेव्हा मोतीरामभाऊंच्या मुलीनं, अमितानं, त्याला गाठलं. माझ्या बाबांचंच नाव राहू द्या, म्हणाली.

"ताई, कागदावर कुठं हाय ते नाव?"

"कागद कायले पायजे? साऱ्या सौसरले मालूम हाय. तुले नाई मालूम?"

गजेंद्र मोबाईल पाहू लागला. खरंच, ते नाव कुणी कधी लिहिलंच नव्हतं. सगळे म्हणतात म्हणजे झालं, एवढ्यावर गाव निश्चिंत राहिलं. मेल्यांनो, एक साधी पाटी रंगवायला काय झालं होतं?

नव्या नावाचा दगड बसवायला सिमेंट माझ्यातच कालवलं. मला फार लाज वाटली. नंतर कुणी मला धुतलंही नाही.

उद्घाटनाला मोतीरामभाऊ काठी टेकत आले. त्यांना खुर्ची मिळाली नाही. एका खेळाडू मुलीनं विचारलं, "आजोबा, हे भगवंतराव लय खेळत होते काय जी?"

"नाई बाई," मोतीरामभाऊ म्हणाले. "पण त्यायचा पोरगा लय चांगला खेळे."

शेजारीच उभ्या असलेल्या गजेंद्रनं ते ऐकलं आणि हार घालून घ्यायला मान पुढे केली.

मित्रांनो, ज्यानं तुमच्यासाठी घाम गाळला, त्याचं नाव वेळेवर लिहून ठेवा. लोकांच्या आठवणीवर विसंबू नका. मोतीराम मैदान विसरलेला एकही माणूस त्या दिवशी तिथे नव्हता, आणि टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.