मी गेटाजवळची पाटी

मी एक पाटी बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण मालक भगवंतराव समोरच खुर्ची टाकून बसलेत. भित्री म्हणा हवं तर. भीत भीतच मी इतकी वर्षं काढली आहेत.

माझा जन्म अमरावतीच्या राजापेठेतला. पुढे पत्रा, मागे प्लायवूड, चारी बाजूंनी खिळे. केशवराव पेंटरांनी माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलं: ‘समान कामाला समान वेतन. स्त्री-पुरुष असा भेद करणारा मालक कायद्याने शिक्षेस पात्र.’ ब्रश धुताना ते हसले. “अक्षर त बढिया आलं. पन हे वाचन कोन?”

मी मात्र फुगले होते. वाटलं, कायदा माझ्या अंगावर लिहिलाय, आता मला कोण हात लावतंय!

भगवंतरावांनी मला परतवाड्याजवळच्या आपल्या संत्र्याच्या पॅकिंग केंद्रावर आणलं आणि गेटाशी, पाण्याच्या ड्रमजवळच्या खिळ्यावर टांगलं. उलटी. तोंड भिंतीकडे. कामगार खात्याचे साहेब तपासणीला येणार असा फोन आला की मला सुलटी करायची, गाडी गेली की पुन्हा उलटी. एरवी माझ्या पाठीवर बायकांच्या डब्यांच्या पिशव्या लटकायच्या.

भिंतीकडे तोंड असलं तरी कान उघडे होते. शकुन आणि गोवर्धन एकाच टेबलाशी समोरासमोर बसायचे. संत्री निवडायची, कागदात गुंडाळायची, क्रेट भरायचे. उचलायला हमाल वेगळे. संध्याकाळी भगवंतराव प्रत्येकाला चिठ्ठी द्यायचे: नाव, काम, क्रेट आणि रोज, म्हणजे दिवसाची मजुरी. गोवर्धनच्या चिठ्ठीवर काम ‘भराई’ आणि रोज पाचशे. शकुनच्या चिठ्ठीवर काम ‘निवड’ आणि रोज तीनशे. क्रेट मात्र दोघांचे तेवढेच. पैसे हातात पडले की लोक चिठ्ठ्या तिथंच टाकून द्यायचे.

माणसांची मला गंमत वाटते. एकाच कामाला दोन नावं दिली की त्यांना ती दोन कामं वाटू लागतात. शकुनने एकदा विचारलंही होतं. भगवंतराव शांतपणे म्हणाले, “हा गड्याचा रोज आहे, तो बाईचा. जमत नसन त उद्यापासून नको येऊ.” शकुनचा नवरा वारला होता, पोरगी परतवाड्यात नर्सिंगला होती. तिने पुढचं संत्रं कागदात गुंडाळलं.

पण त्या दिवशी पाणी प्यायला आली तेव्हा तिने माझ्या पत्र्याच्या आणि प्लायवूडच्या फटीत काहीतरी सरकवलं. दोन चिठ्ठ्या. एक तिची, एक गोवर्धनने टाकलेली. मग रोजच दोन. माझी तर पाचावर धारण बसली! पिशवी काढताना कुणाचा धक्का लागला तर? वारा सुटला तर? मला जाळतील, आणि तिचं काय करतील?

आणि परवा फोन आला. भगवंतरावांनी स्वतः मला सुलटी केली. आतल्या चिठ्ठ्या सरकल्या, मी दात आवळून लटकून राहिले. शकुनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गाडीतून अधिकारी बाई उतरल्या. त्यांनी मला नीट वाचलं आणि बायकांना विचारलं, “गड्याइतकाच रोज मिळतो ना?”

भगवंतराव सगळ्यांकडे बघत होते. शेवटी शकुनच्या शेजारी बसणारी आशाबाई पदराशी चाळा करत म्हणाली, “भेटते जी. बराबर भेटते.”

बाईंनी पेन उघडलं. तेवढ्यात शकुन उठली. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि डोकं खाली करून झटकलं. चिठ्ठ्यांचा ढीग पडला.

“हे काहून जमवलं तुनं?” भगवंतराव ओरडले.

“मी काई नाई केलं जी,” ती म्हणाली. “तुमीच त लिवून देल्लं.”

बाईंनी चिठ्ठ्या जोडीजोडीने लावल्या, पंचनामा केला, नोटीस येईल म्हणाल्या. मला सुलटीच ठेवायचं, असंही बजावलं.

नोटीस अजून आलेली नाही. काल सकाळी शकुन आली तेव्हा गेटावरच भगवंतरावांनी तिला सांगितलं, “तुयं काम नाही आता.” ती थोडा वेळ माझ्याखाली उभी राहिली. बाकीच्या बायका खाली मान घालून आत गेल्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. अंगावर कायदा लिहिलेला, आणि तिला साधी सावलीही धड देता आली नाही.

चिठ्ठ्या बंद झाल्यात. आता भगवंतराव स्वतःच्या वहीत लिहितात आणि ती खिशात ठेवतात.

आज दुपारी आशाबाई पाण्याला आली. ग्लास भरला, पण प्यायली नाही. इकडेतिकडे बघून तिने संत्र्याच्या कागदाची घडी माझ्या फटीत सरकवली. आत पेन्सिलीची वेडीवाकडी अक्षरं आहेत: तिचं नाव, क्रेट, तीनशे. खाली गोवर्धन, क्रेट, पाचशे.

“मायबाई, लय भेव वाटून राहिलं,” ती पुटपुटली.

मलाही वाटतंय, आशाबाई. पण कागद मी घट्ट धरलाय.

तुम्ही या रस्त्याने आलात तर क्षणभर थांबून मला वाचा. मोठ्याने नको. आणि मला हलवू नका.