रायभानच्या मेंदूतली बिघडलेली तंतुकणिका

मित्रांनो, मी एक जुनी, बिघडलेली तंतुकणिका आहे. वाटूर गावच्या रायभानच्या मेंदूत, एका पेशीच्या पोटात मी राहते. कुणी माझ्यावर माया करावी असं मी काही केलेलं नाही.

उमेदीत मी अन्नापासून ऊर्जा तयार करत असे. त्या बळावर पेशी हात हलवण्याचे निरोप धाडायची आणि रायभान दिवसाला तीस मेंढ्या कातरायचा. एकीलाही ओरखडा येत नसे. पुढे माझं आवरण फाटलं, माझ्यातून विषारी कण गळू लागले. निरोगी पेशी अशा कणिकेवर खूण करते, तिला गिळते आणि तिचे सुटे भाग पुन्हा वापरते. रायभानच्या पेशींना जन्मापासूनच ती खूण नीट करता येत नव्हती. मी तशीच पडून राहिले. माझ्या विषाने शेजारणी नासल्या, त्याही तिथेच साठल्या. मग एकेक पेशी मरू लागली.

चाळिशीच्या आतच रायभानचा उजवा हात थरथरू लागला. एके दिवशी कातरीने मेंढीचा कान कापला गेला. धाकट्या भावाने, परमेश्वरने, चारचौघांत ती कातर त्याच्या हातून हिसकावली.

"सकाळीच पिऊन आला का? तुझ्यानं आता जमायचं न्हाई."

रायभानने जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण त्याचा चेहरा ताठला होता, जीभ जड झाली होती. शब्द फुटेपर्यंत लोक हसत पांगले. त्या दिवसापासून परमेश्वर त्याला कळपाजवळ फिरकू देईना.

बायको आशाबाई त्याला जालन्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. हा कंपवात आहे, दारूचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी हाताचा कंप बराच थांबेल, मेलेल्या पेशी मात्र परत येणार नाहीत. इतक्या कमी वयात आला म्हणजे तो घराण्यातून आलेला असू शकतो, तेव्हा भावानेही लक्ष ठेवावं.

हे ऐकून परमेश्वर भडकला. आमचं रक्तच नासकं ठरवता का, म्हणून तो आशाबाईच्या अंगावर धावून आला. ती जागची हलली नाही.

"भाऊजी, मी भांडायला न्हाई आले. यांची कातर द्या."

त्याने ती धुळीत भिरकावली. तिने उचलून पदराने पुसली.

गोळीचा अंमल असतो तेवढ्या वेळात रायभान आता गावातल्या इतरांच्या चार मेंढ्या कातरतो. परमेश्वर समोरून आला तरी त्याच्याशी बोलत नाही. आणि मी अजून गळतेच आहे. मला वेळीच गिळलं असतं तर बरं झालं असतं. माझ्यावर दया करू नका, मित्रांनो. पण कुणाचा हात थरथरताना दिसला, तर त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. कधीपासून होतंय, एवढं विचारा.