बुऱ्हाणपूरची बांधणी

पगडी गुडघ्यावर बांधतात हे अमरावतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि त्यात कोणाला कधी कमीपणा वाटला नाही. पण लग्नाची पगडी धडधाकट गुडघ्यावरच बांधलेली हवी, असं कुठे लिहून ठेवलंय, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ नत्थू चार वर्षांचा असताना तापाने फणफणला. ताप उतरला, पण डावा पाय गुडघ्यात वाकला तो वाकलाच आणि पुढे वाळून गेला. शेतात त्याचा उपयोग नव्हता. वडील गेल्यावर थोरल्या भावाने, पंजाबने, ठरवलं की नत्थूला देवळाच्या पायरीवर बसवायचं, बसल्या जागी पोट भरेल. सख्खा भाऊ असं बोलला. मी तेव्हा नुकतीच विधवा होऊन माहेरी आले होते. बारा वर्षांच्या नत्थूला मी पाठुंगळी घेतलं, बैलगाडी गाठली आणि अमरावतीला अब्दुल सत्तार उस्तादांच्या पगडीच्या दुकानात नेऊन बसवलं.

उस्तादांनी आधी त्याचा गुडघा पाहिला, मग तोंड. इतर कारागिरांचा पाय तासाभरात अवघडतो, हलतो आणि पगडीचा घेर बिघडतो. नत्थूचा पाय हलणार कुठून? उस्ताद जाताना दुकान त्यालाच देऊन गेले. कापड ताणून पीळ द्यायला दुसरं टोक धरणारं माणूस लागतं, ते माणूस मी. वीस वर्षं मी ते टोक धरून आहे.

त्याच्या गुडघ्याला बाहेरच्या अंगाने हाडाचा एक गोटा आहे, बोराएवढा. म्हणून त्याच्या प्रत्येक पगडीला आतून, डाव्या कानाच्या वर, तेवढाच खळगा पडायचा. गिऱ्हाइकांना त्याचं कारण माहीत नव्हतं. पगडी कानाला लागत नाही, एवढंच त्यांना कळायचं. रोजच्या वापराच्या पगड्या लोक आमच्याकडून आनंदाने न्यायचे. लग्नाची मात्र कोणी नेत नसे. पांगळ्याच्या पायावरची पगडी नवरदेवाच्या डोक्यावर म्हणजे अपशकुन.

मग सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. काल ज्यांच्या अंगावर धड धोतर नव्हतं, ते बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागले. पंजाबही तसाच फुगला. त्याने महादेवचं, आपल्या मुलाचं, लग्न काढलं. व्याही अकोल्याचे, कापसाचे अडते. आमच्या घरात रीत आहे की नवरदेव घोड्यावर बसण्याआधी त्याचा काका त्याच्या डोक्यावर पगडी ठेवतो. पंजाब स्वतः दुकानात आला आणि म्हणाला, पगडी तूच बांध आणि डोक्यावर ठेवायचा मानही तुझाच. फुकटात उत्तम काम मिळत होतं, हे मला दिसत होतं. नत्थूला फक्त मान दिसला.

आठ दिवस तो दुसऱ्या कामाला शिवला नाही. तीनदा बांधली, तीनदा सोडली. चौथ्यांदा मनासारखी झाली तेव्हा म्हणाला, "बाई, माह्यं काम सारेच नेतात, मले कोणी नेत नाई. आता मले बी नेऊन राहिले."

लग्नाच्या दिवशी आम्ही गाडीने बडनेऱ्याजवळच्या आमच्या गावी पोचलो. अंगणात पंजाबने नत्थूच्या हातातलं पगडीचं ताट घेतलं आणि हळूच सांगितलं की वऱ्हाडी मंडळी पाहताहेत, जरा वेळ कापसाच्या खोलीत बस. माझी जागा मला ठाऊक होती, विधवेला ती सांगावी लागत नाही. नत्थूला मात्र सांगावी लागली. आम्ही दोघं कापसाच्या ढिगाशी बसलो. खिडकीतून दिसलं, पगडी कोणा लांबच्या चुलत भावाने महादेवच्या डोक्यावर ठेवली. व्याह्यांनी कौतुकाने विचारलं, बांधणी कुठली?

"खास बुऱ्हाणपूरहून आणवली," पंजाब म्हणाला.

नत्थू रडला नाही. ढिगातला कापूस घेऊन त्यातली सरकी काढत बसला. रडले मी, आणि ते रडणं रागाचं होतं. पंजाब आणि नत्थू, दोघांना एकाच पाटावर बसवून त्याच आईने जेवू घातलं होतं.

महिन्याभराने, आम्ही कापडाला पीळ देत असताना, पातूरचे जानराव पाटील दुकानात आले. ते नव्या सुनेचे मामा, परगावचे; नत्थूच्या पायाचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फडक्यातून तीच पगडी काढून नत्थूपुढे ठेवली. महादेवकडून दोन दिवसांसाठी मागून आणली होती. सांगू लागले, ही बुऱ्हाणपूरची बांधणी, मुलाच्या लग्नात अशा अकरा हव्यात, पण तिकडे जायला वेळ नाही, तर पाहून पाहून तुला जमेल का? मी तोंड उघडणार तोच नत्थूने मला हाताने थांबवलं. त्याने पाटलांचं बोट धरून पगडीच्या आतल्या खळग्यावर ठेवलं. मग तेच बोट आपल्या गुडघ्याच्या गोट्यावर ठेवलं.

पाटलांना कळलं. त्यांनी बोट काढून घेतलं आणि धोतराला पुसलं.

मग बराच वेळ ते पगडी फिरवून फिरवून पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "बांध बाप्पा अकरा. तुह्याच हातच्या पायजेत. पण लोकाइले मी बी बुऱ्हाणपूरच सांगीन. लग्नाचं काम हाय, समजून राहिला ना?"

मी हातातलं टोक सोडून दिलं. "मंग बुऱ्हाणपूरलेच जा, पाटील."

नत्थूने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाई, टोक धर," एवढंच म्हणाला. आणि मी धरलं. का धरलं, याचा राग मला आजही येतो.

पाटील गेल्यावर त्याने जुन्या चिंध्या मागितल्या आणि गोट्याच्या भोवती ठासून भरल्या. गुडघा सगळीकडून सारखा होईपर्यंत तो त्या गुंडाळत राहिला. मी विचारलं, हे काहून?

"बुऱ्हाणपूरच्या कारागिराले असा गोटा कुठं असते?" तो म्हणाला.

त्या अकराही पगड्या आतून सारख्या निघाल्या आणि त्यानंतरच्याही. खळगा पुन्हा कधी पडला नाही. आता लग्नाची कामं भरपूर येतात, सगळी मागच्या दाराने. परवा पातूरची एक बाई सांगत होती की जानराव पाटील कुरकुरत असतात, बुऱ्हाणपूरची बांधणी आता पहिल्यासारखी राहिली नाही, डाव्या कानाला लागते. नत्थूला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मला हसू आलं नाही.