कारण लिहायची चौकट

वकिलाच्या तोंडात कापूस कोंबलेला होता, अर्धा जबडा बधिर होता आणि जन्मात पहिल्यांदाच तो दुसऱ्याचं बोलणं मुकाट ऐकून घेत होता. त्याच्या दाढेवर वाकलेल्या डॉक्टरणीचं मात्र कामात लक्ष नव्हतं. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली, म्हणजे तिची बहीण, सकाळपासून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पेशंटांच्या बाकावर बसून होती, कारण घरात एकटीला तिला बसवत नव्हतं.

ट्रेच्या कडेला ठेवलेला फोन थरथरला. धाकटीने कोपराने तो वळवून पाहिला आणि हातातलं यंत्र बंद केलं.

"जरा थांबा हं. तोंड उघडंच ठेवा," असं वकिलाला सांगून, हातमोजे ओरबाडून काढत ती हत्यारांच्या कपाटाआड गेली.

तिच्या नजरेखालच्या एका पानात बदल झाला आहे, एवढंच फोन सांगत होता. पान होतं इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातलं. जगभरची माणसं एक छदामही न घेता तो लिहितात आणि राखतात. थोरलीच्या मते, रिकामटेकडी माणसं. धाकटी तिथे कित्येक वर्षं राबत होती. तिथलं तिचं नाव अक्कलदाढ. नुसतं लिहिण्यावर न थांबता ती आता प्रचालक झाली होती. म्हणजे पानाला कुलूप घालणं, जुन्या नोंदी झाकणं, दंगा करणाऱ्यावर बंदी घालणं, या किल्ल्या तिच्या हाती होत्या. आणि बदललेलं पान तिच्या भाऊजींचं, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याचं होतं.

भाऊजी पूल बांधणारे इंजिनिअर. डोंगरातल्या लष्करी रस्त्यांवरचे पूल त्यांच्या डोक्यातून निघालेले, म्हणून कोशात त्यांच्यावर पान. परवा त्याच डोंगरात बंदूकवाल्यांनी त्यांची गाडी अडवली आणि त्यांना उचलून नेलं. खिशातल्या ओळखपत्रावर फक्त नाव होतं. 'मी मेकॅनिक,' असं भाऊजींनी ठोकून दिलं आणि ते आतापर्यंत खपलं होतं, कारण नाव इतकं सर्रास की त्याच नावाचा एक गवई, एक पुढारी आणि एक फुटबॉलपटू कोशात नांदत होते. मेकॅनिकला ठेवून घेऊन करायचं काय? एकदोन दिवसांत सोडतील, असं कंपनीचा मध्यस्थ म्हणत होता. पण लष्कराचे पूल बांधणारा माणूस हाती लागलाय हे कळलं असतं, तर भाऊजी परत आले नसते. म्हणून सगळ्या वर्तमानपत्रांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. एका दूरच्या, कुणी न वाचणाऱ्या संकेतस्थळाने तेवढी बातमी छापली होती. आता तिचाच आधार देऊन कुणीतरी भाऊजींच्या पानात वाक्य घातलं होतं: 'या आठवड्यात त्यांचे अपहरण झाले.' ते संकेतस्थळ कोण बघतंय! पण नाव शोधलं की कोशाचं पान सगळ्यांच्या वर येतं.

हे कुणीतरी म्हणजे दीडशहाणा. नाव त्या गृहस्थांनी आपणहून घेतलेलं. सगळे त्यांना दीडशहाणेसाहेब म्हणत आणि त्यातला विनोद आता कुणाच्या लक्षातही येत नसे. धाकटीने त्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण कोशातलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा त्यांनीच तिला हाताला धरून शिकवलं होतं. आधाराशिवाय वाक्य लिहायचं नाही. आणि कारण दिल्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही.

तिने वाक्य खोडलं. खाली कारण लिहायची चौकट आली. वर्षानुवर्षांची सवय, बोटांनी डोक्याला न विचारता लिहून टाकलं, 'कुटुंबाच्या विनंतीवरून काढले.' आणि बटण दाबलं.

दाबल्याबरोबर तिला चूक कळली. पानावरून वाक्य गेलं होतं, पण पानाचा इतिहास कुणालाही उघडून पाहता येतो. तिथे आता तिच्याच हाताने लिहिलेलं होतं की हेच ते भाऊजी आणि त्यांच्या घरचे हबकले आहेत. दुसऱ्या कुणी ती चौकट रिकामी सोडली असती. ही चूक करायला कोशातलंच मुरलेलं माणूस लागतं.

तिने घाईघाईने त्यांची आणि आपली अशा दोन्ही नोंदी झाकल्या. झाकलेल्या नोंदीवर काट मारलेली दिसते, आणि काट दिसल्यावर दीडशहाणे कसले गप्प बसतात! वकिलाच्या दाढेत औषध भरेपर्यंत वाक्य पानात परत आलं होतं. शिवाय चर्चेच्या पानावर, सगळ्यांच्या देखत, प्रश्न होता: 'अक्कलदाढ, नोंद का झाकलीत? कोणत्या कुटुंबाची विनंती? बातमीला आधार आहे.'

म्हणजे तिने झाकण्याआधीच त्यांनी वाचलं होतं. तिने वाक्य पुन्हा काढलं, त्यांचा प्रश्नही झाकला आणि लिहिलं, 'कृपया थोडं थांबा. कारण आत्ता सांगता येत नाही.'

उत्तर लगेच आलं. 'कारण सांगता येत नाही हे कारण होत नाही. हे तुम्हाला मी सांगायला हवं का?'

त्यांना खासगीत लिहावं म्हटलं, तर त्यांनी आपलं टपाल कधीच बंद करून टाकलेलं. जे बोलायचं ते चारचौघांत, हा त्यांचा बाणा. याच बाण्यापायी ती त्यांना मानत होती आणि आत्ता त्याच बाण्याचा तिला मनस्वी संताप आला.

"डॉक्टर, मी तोंड मिटू का?" वकिलाने बोबड्या आवाजात विचारलं.

"मिटा. आणि आज घरी जा. पैशांचं नंतर बघू."

वकील गेला आणि दारात थोरली उभी राहिली. तिच्या हातात फोन होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"मध्यस्थाचा फोन होता," ती म्हणाली. "त्या लोकांनी विचारलं म्हणे, हा नक्की मेकॅनिकच ना? त्यांच्यातलं कुणीतरी नाव शोधत बसलंय."

"काय सांगितलं त्याने?"

"मेकॅनिकच म्हणून सांगितलं. अगं, पण ते शोधतायत! तुझ्या त्या पानावर काही नाही ना?"

धाकटीने पान उघडलं. वाक्य परत आलं होतं. या वेळी त्याला दीडशहाण्यांनी दुसराही आधार जोडला होता.

"आहे," ती म्हणाली. "काढते."

"मग काढ ना! बघत काय बसलीस?"

"मी काढलं की ते घालतात, ताई."

"कोण ते?"

"एक चांगला माणूस आहे," धाकटी म्हणाली आणि तिला रडूच यायला लागलं.

तिने वाक्य काढून पानाला कुलूप घातलं. क्षणभर बरं वाटलं. मग दिसलं की दीडशहाणे सगळ्यांच्या चावडीवर गेले आहेत आणि तिथे शांतपणे, एकेक मुद्दा धरून लिहीत आहेत: अमुक इंजिनिअरच्या अपहरणाची माहिती एक प्रचालक दडपत आहे, जाणकारांनी लक्ष घालावं. चावडी जगाला उघडी. एक पान बंद केलं तर ते दुसऱ्यावर लिहिणार. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं. बाकीचे प्रचालक या वेळी आपापल्या पोटापाण्याच्या मागे, एकाचाही पत्ता नाही. राहिला एकच उपाय.

दीडशहाण्यांच्या नावासमोर तिने बंदीचं बटण दाबलं. कोशाने कारण विचारलं आणि यादी पुढे केली. जाहिरातबाजी, शिवीगाळ, तोडफोड. मी घाबरले आहे, असं त्यात कुठे नव्हतं. तोडफोड म्हणजे पानांत मुद्दाम घाण करणं. रोज त्यापायी दहापाच टवाळांवर बंदी पडते आणि कुणी मान वर करून बघत नाही. दुसरं काही निवडलं असतं तर लगेच विचारणा झाली असती.

"धाकटे," थोरली म्हणाली. तिने पाठीमागून खुर्ची घट्ट धरली होती.

धाकटीने तोडफोड निवडलं. दीडशहाण्यांवर बंदी पडली. मग तिने चावडीवरची त्यांची प्रत्येक ओळ झाकली आणि दोघी बहिणी पेशंटच्या खुर्चीवरचा दिवासुद्धा न विझवता बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंदूकवाल्यांनी त्या निरुपयोगी मेकॅनिकला एका पेट्रोल पंपाजवळ सोडून दिलं. भाऊजी घरी आले ते दाढी वाढलेले, एका पायात चप्पल नसलेले. थोरली त्यांना आधी वाटेल तसं बोलली आणि मग त्यांच्या गळ्यात पडली.

धाकटीने त्याच रात्री बंदी उठवली. झाकलेलं सगळं उघडं केलं, दीडशहाण्यांचं वाक्य स्वतःच्या हाताने पानात घातलं आणि चावडीवर घडलेलं सगळं लिहून हात जोडून माफी मागितली. प्रचालकाच्या किल्ल्याही तिने सोडून दिल्या. कोशातल्या लोकांनी तिला धीर दिला, दोघातिघांनी कानउघाडणी केली. दीडशहाण्यांनी एवढंच लिहिलं, 'माणूस घरी आला ना? मग मिटलं. पुढच्या कामाला लागा.'

तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. फक्त एक गोष्ट कुणालाच करता येत नव्हती. बंदी उठवता येते, पण ती घातल्याची नोंद त्या माणसाच्या नावावर कायम राहते. ती पुसायची सोय कोशाने जाणूनबुजून ठेवलेली नाही, कारण पुसता आली असती तर प्रत्येकाने आपापली पुसली असती.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका नव्या, उत्साही लेखकाच्या पानातली चार बिनआधाराची वाक्यं दीडशहाण्यांनी काढली. तो चिडला आणि त्याने चावडीवर लिहिलं, 'ज्यांच्यावर तोडफोडीबद्दल बंदी पडली होती त्यांनी आम्हाला शिकवू नये.' शेवटी बंदीच्या नोंदीचा पत्ता, अगदी नियमाप्रमाणे, आधार म्हणून जोडला होता.

धाकटीने ते दवाखान्यात वाचलं. खुर्चीत भाऊजी होते. तिकडे डोंगरात जबड्यावर बसलेल्या बुक्क्याने दोन दात हलले होते, त्यांचं काम चाललं होतं. तिने हातातलं सगळं टाकलं आणि भराभर लिहायला घेतलं, की ती बंदी खोटी होती, ती मी घातली होती, ती नोंद वाचू नका. लिहून होण्याआधीच दीडशहाण्यांचं उत्तर आलं.

'आधार तपासला. बरोबर आहे.'

त्यांनी नव्या लेखकाची चारही वाक्यं परत घातली, कारणाची चौकट रिकामी सोडली, आणि त्यानंतर कोशात काही लिहिलं नाही.

"काय झालं गं?" भाऊजींनी तोंडातला कापूस सावरत विचारलं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. माणूस समोर जिवंत होता. पुन्हा वेळ आली तर आपण हेच करू, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तर तिला जास्तच रडू येत होतं.

"काही नाही भाऊजी," ती म्हणाली. "तोंड उघडा."