दोनशे बारा पावलं

माणसांच्या घोळक्यात चालताना मी पावलं मोजतो. मोजणाऱ्या माणसाशी कुणी फारसं बोलायला येत नाही, हा त्यातला फायदा. अनुराधानं पहिल्यांदा मला तिच्या ट्रेकिंगवाल्या मंडळींबरोबर नेलं, तेव्हाही मी मोजतच होतो आणि मुक्कामाच्या जागी बसून आकडे वहीत उतरवत होतो. ती वही नसती तर पुढचं काही मी कुणाला सांगायला धजलो नसतो. वही असूनही फार धजलो असं नाही.

अनुराधा आमच्याच इमारतीत, चिक्कडपल्लीला, वरच्या मजल्यावर राहते. नोकरी कुकटपल्लीत, एका कंप्युटर कंपनीत. पंच्याण्णव साल होतं. तेव्हा हैदराबादेत तीन माणसांतला एक कंप्युटर शिकत होता आणि उरलेले दोघे प्लॉट विकत होते. अनुराधा आणि तिच्या कचेरीतली दहा-बारा मंडळी शनिवार-रविवार धरून शहराबाहेर जायची, तंबू ठोकायची, दिवसभर हिंडायची. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, ते माझ्या बायकोनं, मालनबाईनं, फारच मनावर घेतलं.

"सत्तर वर्षं पुस्तकात मान घातलीत. आता दोन दिवस झाडं बघा," ती म्हणाली. मी एकटा गेलो तर तंबूत बसून वाचत राहीन, हे तिला ठाऊक होतं. म्हणून लुगड्याखाली कॅनव्हासचे बूट घालून तीही निघाली.

डिसेंबरातला तो मुक्काम एका तलावाकाठी होता. वनखात्याचं उद्यान, फाटकावर तिकीट, हरणांचं कुंपण, आणि कडेला तंबूंसाठी मोकळी जागा. दोन वर्षं पाऊस कमी झाल्यानं पाणी बरंच आत सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या तळावर गवत माजलं होतं. पश्चिमेच्या काठाला बसलेल्या रेड्यासारखा एक प्रचंड खडक होता. त्या खडकापासून वर चढाकडं निघालो. दोनशे बारा पावलांवर गुडघाभर उंचीचा एक दगड लागला. हळदीकुंकू आणि तेल यांचे थरच्या थर त्यावर चढले होते.

"तलावाची देवी, मैसम्मा असणार," कुणीतरी म्हणालं. "नाही, पीर असेल," दुसरं कुणी.

मला तेलाखाली एक वळण दिसलं. रुमालानं पुसलं तर अक्षरं निघाली. माझं शिक्षण देगलूरला निजामाच्या राज्यात झालं, सगळं उर्दूतून. नंतर पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत जुन्या उर्दू कागदांची भाषांतरं केली. मी हळूच वाचलं.

"काका, मोठ्यांदा!" अनुराधा ओरडली.

"हद्द-ए-आब. सन १३३१ फसली," मी म्हणालो. "म्हणजे पाण्याची हद्द, निजामाच्या काळात, १९२१-२२च्या सुमाराला ठरवलेली. पुऱ्या पावसाच्या वर्षी तलाव इथपर्यंत भरतो. इथून आतली जमीन तलावाची, कोरडी पडली तरी."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. कान गरम झाले.

"म्हणजे या दगडाच्या आत कुणाला बांधकाम करता येत नाही?" चाळिशीच्या एका गृहस्थानं विचारलं. नवाच आला होता तो. शशिकांत नाव.

"नाही."

"आणि बाहेर?"

"बाहेर ज्याची जमीन त्याची मर्जी."

"क्या बात है काका!" तो म्हणाला आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मला ते आवडलं होतं, हे कबूल करायला हवं.

त्यानंतर शशिकांत आमच्या घरी येऊ लागला. हातात बेगम बाजारातल्या पिस्त्यांची पुडी आणि जुन्या उर्दू सातबाऱ्यांच्या झेरॉक्स. "काका, एवढं वाचून द्या. तुमच्याशिवाय वाचणारं राहिलंय कोण?" मी चष्मा पुसून तासतासभर वाचून द्यायचो. गावाचं नाव माझ्या लक्षात आलं ते तिसऱ्या खेपेला. त्या तलावाचं गाव. पश्चिमेची शेतं. मी विचारलं तर म्हणाला, "दोस्ताचं काम आहे. रिसॉर्ट काढतोय. आपल्या ग्रुपला एक कॉटेज कायमची फुकट!"

यात वाईट काय, असं मी स्वतःला विचारलं. गोड बोलणाऱ्या माणसावर मला पहिल्यापासून विश्वास ठेवता येत नाही, हा माझाच दोष असेल. न बोलणाऱ्या माणसाला बोलणारे सगळेच लबाड वाटतात.

फेब्रुवारीत पुन्हा तिथंच जायचं ठरलं. शशिकांत आदल्या दिवशीच जीप घेऊन गेला होता, तंबू लावून ठेवायला. आम्ही शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा जीपच्या मागं मला लोखंडी पहार दिसली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"खुंट्या ठोकायला, काका."

शेजारीच अनुराधा एक सुटलेली खुंटी नुसत्या बुटानं दाबून जमिनीत घालत होती. जमीन इतकी मऊ होती.

चहा झाल्यावर मी आणि मालनबाई खडकाकडं गेलो. खडकाला हात लावून मी मोजायला लागलो. दगड लागला तेव्हा आकडा होता एकशे अठ्ठावीस. परत गेलो, पुन्हा मोजलं. एकशे एकोणतीस.

"काय झालं? देव पळाला का?" मालनबाईनं विचारलं.

"डिसेंबरात दोनशे बारा होती."

"मग चुकली असतील तेव्हा."

"वहीत आहेत."

"वहीत तुम्हीच लिहिलीत ना?"

ती थट्टा करत होती, पण मला तेच वाटत होतं. मी वाकून बघितलं. दगड तोच, अक्षरं तीच. हळदीकुंकू मात्र ताजं, फक्त समोरून फासलेलं, बाजू कोरड्या. सगळीकडं घोट्याएवढं गवत आणि दगडाच्या पायथ्याला वीतभर मोकळी काळी माती. वर चढाकडं नजर टाकली तर जिथं तो असायला हवा होता तिथं वाळल्या फांद्यांचा एक ढीग होता. तिथं जाऊन फांद्या उचलून बघायचं धाडस मला झालं नाही. शशिकांतच्या जीपमधून ती जागा सरळ दिसत होती.

"माझं पाऊल बदललं असेल," मी म्हणालो. "म्हातारपणी पाऊल आखूड पडतं."

मालनबाई थांबली. "आखूड पडलं तर पावलं जास्त लागतील की कमी?"

तिनं कमरेवर हात ठेवले.

"बेचाळीस वर्षं तुमच्या मागनं चालतेय मी. तुमचं पाऊल कधी लांब पडलं नाही. ते या दोन महिन्यांत कुठून पडेल?"

म्हणजे दगड हलला होता. चौऱ्याऐंशी पावलं, पाण्याकडं. पाऊस नीट झाला की जिथं पाणी उभं राहायचं तेवढी जमीन आता दगडाच्या बाहेर पडली होती. आणि मला सगळ्यांत जास्त काय लागलं ते सांगतो. इतकी वर्षं गुराखी त्याला देव समजून तेल घालत होते, म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता. देवाचा सरकारी दगड मी केला. टाळ्यांसाठी.

मी अनुराधाला बाजूला घेतलं. जेवढं जमलं तेवढं सांगितलं, म्हणजे अर्धंच.

"पावलांवरून, काका?" ती हसली. "अय्यो, प्लीज! ते आपल्यासाठी किती करतात. तुम्हाला हल्ली अंधूक दिसतं ना, दुसरी वाट धरली असेल."

तिला खरंच काही माहीत नव्हतं, की त्या फुकट कॉटेजच्या बेतात तीही सामील होती? लेकीसारखी मुलगी, आणि मी दुपारभर तिच्याकडं चोरून बघत राहिलो. ती शशिकांतशी हसून बोलली की संशय यायचा आणि गप्प बसली की जास्तच यायचा. असलं मन घेऊन जगणं चांगलं नाही.

चारच्या चहाला शशिकांत एक कागद घेऊन आला. इंग्रजीत टाइप केलेला. मी अमुक, निवृत्त भाषांतरकार, हा दगड सोबतच्या नकाशात दाखवलेल्या जागी स्वतः पाहिला असून त्यावरचा मजकूर खालीलप्रमाणे आहे. खाली जागा मोकळी सोडलेली.

"दगडावरचं जसंच्या तसं तुमच्या हातानं लिहा आणि सही करा. बस, एवढंच. जमिनीची मोजणी मागितलीय, त्याला जोडायचंय. साक्षीदार अनुराधा मॅडम."

दहा-बारा माणसं चहाचे पेले धरून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "काकांचं अक्षर बघू या!" अनुराधानं पेन पुढं केलं. मी मालनबाईकडं बघितलं. तिचा पेला ओठांपर्यंत जाऊन थांबला होता. नाही म्हणा, असं तिचे डोळे सांगत होते. 'नाही' हा शब्द माझ्या घशापर्यंत आला आणि तिथंच बसला. तो नेहमीच तिथं बसतो.

मी पेन घेतलं आणि उजवीकडून लिहू लागलो. एक ओळ, दोन ओळी. मग तिसरी. खाली सही, तीही उर्दूत, कचेरीत करायचो तशी.

शशिकांत वाकून बघत होता. "दगडावर दोनच ओळी होत्या ना, काका?"

मी पेनाला टोपण लावलं. "हातानं लिहिताना पसरतं," मी म्हणालो.

त्यानं कागद घेतला, क्षणभर उलटाच धरला, मग सुलटा केला आणि साक्षीदाराच्या जागी अनुराधाची सही घेतली. "वा! मोती, नुसते मोती," असं म्हणत त्यानं घडी घालून तो खिशात टाकला.

परतताना बसमध्ये मालनबाई खिडकीबाहेर बघत होती. शहर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "केलीत सही."

"केली."

"माणसासमोर तुमच्या तोंडून नाही निघत नाही. मला माहीतच होतं."

तेव्हा मी तिला तिसरी ओळ सांगितली. तिच्या कानाशी वाकून, कारण शशिकांतची माणसं कुठं कुठं बसली असतील याचा मला भरवसा राहिला नव्हता. 'हा दगड आपल्या जागी नाही. खडकापासून दोनशे बारा कदमांवर होता, आज एकशे अठ्ठावीसवर आहे.'

ती खिडकीकडून माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "आणि हे वाचणार कोण?"

तोच प्रश्न मला पुढं दीड महिना खात राहिला. कचेरीतून उर्दू जाणणारे एकेक करून निवृत्त होऊन गेले होते. कागद फायलीत जाईल, खाली शिक्का बसेल, काठावर कॉटेज उभ्या राहतील आणि माझी सही त्यांच्या पायात असेल. मी विरोध केला होता, पण कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. हे धाडस होतं की भित्रेपणाच, मला ठरवता येत नव्हतं. आजही नीट येत नाही. उलट, कुणी वाचलंच तर? फाटक वाजलं की मला शशिकांतची जीप आठवायची. तो एकदा येऊन गेला, पिस्ते ठेवून गेला. "काम होतंय, काका," म्हणाला. ती पुडी आम्ही फोडली नाही.

उगादी, म्हणजे आपला पाडवा, होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दाराशी एक वयस्क गृहस्थ उभे होते. पांढरी दाढी, काखेत फाइल, कपाळावर घाम.

"सूर्यभान साब आपइच हैं?"

"हौ."

त्यांनी आपली ओळख दिली. महसूल कचेरीत गिरदावर, म्हणजे जमिनींची तपासणी करणारे अधिकारी होते, निवृत्तीला तीन महिने राहिलेले. फाइल उघडून त्यांनी माझा कागद माझ्यासमोर धरला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ये सतर किसने लिखी?"

त्याच वेळी अनुराधा जिना उतरत होती, कामावर निघाली होती. कागदावरची स्वतःची सही तिला दिसली असावी, कारण ती शेवटच्या पायरीवर थांबली. रस्त्यावर एक जीप वळली. ती कुणाची होती हे मी बघितलं नाही, बघितलं असतं तर कदाचित पुढचं घडलं नसतं.

"मैंने," मी म्हणालो.

"पढ़के सुनाव."

"आपने पढ़ा ना?"

"आपके मुँह से सुनना है. दफ्तर में बोलरे कि बुड्ढे ने गलती से लिख दिया."

मी चष्मा लावला. मग वाचलं, अनुराधाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि वाचून झाल्यावर तिच्यासाठी मराठीत पुन्हा सांगितलं. दोनशे बारा. एकशे अठ्ठावीस. तिचा चेहरा उतरला. "काका, तुम्ही मला सांगितलं होतं," एवढंच ती म्हणाली आणि पायरीवर बसली. माझा एक संशय तरी तिथं गळून पडला, आणि त्याची मला लाज वाटली.

"कदम किसके?" गिरदावरांनी विचारलं.

"मेरे."

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पंचनामा करना पड़ेगा. वो लोगां भी रहेंगे वहाँ, पूरे. सब के सामने चलके दिखाना पड़ेगा. चल सकते?"

सगळ्यांसमोर. मी तोंड उघडलं. घशाशी काय आलं होतं, हो की नाही, मला खरंच माहीत नाही.

मालनबाई आतून आली. माझे कॅनव्हासचे बूट तिनं उंबऱ्यावर ठेवले. शेजारी स्वतःचेही.

"हौ," मी म्हणालो.